आधी क्रियापदं, मग गोष्ट

आठवी-नववीच्या मराठी माध्यमातल्या मुलांना ‘इंग्रजीत एक गोष्ट लिहा’ म्हटलं की बरेच जण ‘वन्स अपॉन अ टाइम’ एवढं लिहून पेन चावत बसतात. गोष्ट त्यांच्याकडे असते, गाडी अडते ती भाषेपाशी. म्हणून लगेच वही उघडायला लावू नका. आधी जोडीजोडीने दोन-तीन मिनिटं मराठीतच गोष्ट सांगू द्या. अट एकच: सगळं एका दिवसात, एकाच जागी घडलं पाहिजे. एसटी स्टँड, पिठाची गिरणी, क्रिकेटचं मैदान, काहीही चालेल.

मग त्या गोष्टीतली फक्त क्रियापदं फळ्यावर भूतकाळात लिहून घ्या. समजा, शेवटची एसटी चुकलेल्या मुलीची गोष्ट आहे: मिस्ड, वेटेड, हर्ड, रॅन, फाउंड. एवढ्यावर सात-आठ वाक्यं सहज उभी राहतात आणि मध्येच वर्तमानकाळात घसरणंही कमी होतं.

पहिला खर्डा झाला की एकच सुधारणा मागा. ‘शी वॉज अफ्रेड’ असं वाक्य दिसलं की विचारा, ‘घाबरल्यावर तिने काय केलं?’ मग ‘शी हेल्ड हर बॅग टाइटली’ असं काहीतरी येतं, आणि गोष्टीत जीव येतो. या प्रश्नावर निम्मा तास गेला तरी जाऊ द्या. स्पेलिंगवर तेव्हा लाल पेन अजिबात चालवू नका. मुलं धास्तावतात आणि पुन्हा पाठ केलेल्या वाक्यांकडे वळतात. स्पेलिंग दुसऱ्या खर्ड्यात बघता येईल. संवाद एखाददुसराच पुरे. शीर्षक सगळ्यात शेवटी द्यायला सांगा.