पाइपची तंबाखू घरी कशी ठेवायची, पावसाळ्यातसुद्धा

पाइपच्या तंबाखूबद्दल बाहेरच्या देशातले लोक जे सांगतात त्यात बहुतेकदा एकच काळजी असते, ती सुकेल. नागपूरला मे महिन्यात हे अगदी खरं आहे, पण मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडे जुलैमध्ये हवेत 80-90 टक्के आर्द्रता असते, तिथे उघडी तंबाखू सुकत नाही, उलट ओल धरते आणि मग बुरशी येते. म्हणून आपल्याकडे एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, बाहेरची हवा आत जाताच कामा नये, मग ती कोरडी असो की दमट.

त्यासाठी काचेची बरणी. मेसन जार, म्हणजे फिरकीच्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या, ऑनलाइन मिळतात, नाहीतर रबरी रिंग आणि तारेची कडी असलेली बरणी घ्या. लोणचं किंवा मसाला भरलेली जुनी बरणी अजिबात नको, काच धुऊन साफ होते पण रबरी रिंगमध्ये मुरलेला वास जात नाही आणि तो तंबाखूला लागतो. प्लास्टिकच्या डब्याचंही तेच. झिपची पिशवी चार दिवसांपुरती ठीक, महिनोन्महिने ठेवायला नाही. बरणी छोटीच घ्यायची, 50 ग्रॅमला साधारण 250 मिलीची पुरते, म्हणजे एक संपेपर्यंत बाकीच्या उघडायची वेळच येत नाही.

बरणी गरम पाण्याने धुवा, उलटी ठेवून पूर्ण वाळू द्या, आणि रिंगच्या खाचेत बोट फिरवून बघा, पाणी लपतं ते तिथेच. बरणी गार झाल्यावरच भरायची.

भरण्याआधी तंबाखू तपासायची आणि ही पायरी खरंच सोडू नका, कारण ओली भरली तर बरणी कितीही भारी असली तरी उपयोग नाही. चिमूटभर घेऊन दोन बोटांत दाबा आणि सोडा. हळूहळू सुटून मोकळी झाली तर बरोबर आहे, गोळा तसाच राहिला तर ओली आहे, कुरकुर करत मोडली तर कोरडी. ओली असेल तर कागदावर पसरून तासभर ठेवा, पावसाळ्यात हे काम एसी चालू असलेल्या खोलीत करायचं, नाहीतर सुकायच्या ऐवजी अजून ओली होईल. कोरडी असेल तर पसरट भांड्यात ठेवून वर ओलसर फडकं टाका, फडकं तंबाखूला टेकू द्यायचं नाही आणि मधूनमधून हलवत राहायचं. बटाट्याचं किंवा सफरचंदाचं साल आत टाकायचा सल्ला बरेच जण देतात, कृपया ते करू नका, बुरशीला याहून सोपी वाट नाही. आणि सिलिका जेलची पुडीही नको, ती आहे ती ओलही शोषून घेते.

मग हलक्या हाताने दाबून भरा, ठेचून नाही, थोडी जागा वर सोडा, झाकण घट्ट लावा आणि लेबलवर नाव आणि भरल्याची तारीख लिहा. एका बरणीत एकच ब्लेंड (तंबाखूचं मिश्रण). लाताकियाचा, म्हणजे धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा, धुरकट वास आणि अरोमॅटिकचा, म्हणजे वरून सुगंध लावलेल्या तंबाखूचा, व्हॅनिला, दोन्ही शेजारच्या तंबाखूला लगेच लागतात.

ठेवायचं कुठे? अंधाऱ्या, गार कपाटात, गॅसजवळ किंवा खिडकीत नाही, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, कारण पोटात गेली तर निकोटीन मुलांना आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांनाही विषारी असतं. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. स्वयंपाकघरही नको, हळद-मिरचीत होणारे ते बारीक तपकिरी किडे तंबाखूतही होतात.

न फोडलेला सीलबंद डबा तसाच ठेवला तरी चालतो, फक्त समुद्राजवळ राहत असाल तर खारट हवेने पत्रा गंजतो आणि सील जातं, त्यामुळे अधूनमधून डब्याची कड बघत जा, गंज दिसला की फोडून लगेच बरणीत भरा.

व्हर्जिनिया (तंबाखूची एक गोडसर जात) ब्लेंड असेल तर वर्षानुवर्षं ठेवायला हरकत नाही, साखर जास्त असल्याने ती मुरते आणि चव मऊ होते. अरोमॅटिक मुरत ठेवण्यात अर्थ नाही, वरचा सुगंधच उडतो. जुन्या व्हर्जिनियावर कधी चमकणारे बारीक कण दिसतात, घाबरू नका, वास चांगला असेल तर बहुतेक ते बुरशी नसून मुरताना तयार झालेले स्फटिक असतात. पण कापसासारखी पांढरी-हिरवट लव आणि कुबट वास आला तर वरचं काढून खालचं वापरू असं करू नका, सगळी टाका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि रिंग नवीन बसवा.