गाडी शिकताना या चुका टाळा, निम्म्या तर उजव्या हाताच्याच

दुचाकी शिकायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रस्त्यावर कधी घ्यायची?" ब्रेक कुठे आहे हे विचारणारा अजून भेटायचाय. घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी मोकळ्या मैदानात शिकवलंय. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात आधी, चालू स्कूटर हाताने ढकलणं. माझ्या भाचीला स्कूटर भिंतीपासून जरा पुढे घ्यायची होती. दोन पावलांचं काम. तिने बटण दाबलं, बाजूला उभं राहून हँडल धरलं आणि ढकलायला लागली. उजव्या मुठीला, म्हणजे ॲक्सिलरेटरला, किंचित पीळ बसला आणि स्कूटर सरकली. हातातून निसटणारी वस्तू आपण घट्ट धरतो, तशी तिनेही धरली. गाडी पुढे, अंग मागे, त्यामुळे मनगट खाली गेलं आणि मूठ आणखी पिळली गेली. चार पावलं ती फरपटत धावली, मग स्कूटर समोरच्या कठड्यावर आणि ही स्कूटरवर. गुडघा सोलला, आरसा तुटला. रडत म्हणाली, "मामा, मी ब्रेकच दाबत होते!" खोटं नव्हतं. ब्रेक दाबलाही असेल, पण त्याच हाताने मूठही पिळत होती.

तेव्हापासून पहिल्या दिवशी किल्ली माझ्या खिशात. बंद गाडी ढकला, वळवा, स्टँडवर लावा, वजन कळू दे. बसल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही आणि चालू करताना ब्रेक दाबलेला हवा. मूठ धरताना मनगट सरळ, कोपर सैल. गाडीने हिसका दिला तर हँडलला लोंबकळायचं नाही. मोटारसायकल असेल तर गुडघ्यांनी टाकी धरा. बंद गाडी ढकलायला कंटाळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी दुसरा मामा शोधायला सांगतो.

दुसरी चूक नवशिक्यांची कमी आणि त्यांना शहाणं करणाऱ्यांची जास्त: "पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील." अरे, मग तो दिलाय कशाला? ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं, म्हणून नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होऊन गाडी शेपूट फिरवते. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. १९८१च्या त्या अहवालातही हेच दिसतं: मागचं चाक घसरवलेलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलेलाच नाही. अपघातातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते, म्हणजे माझ्यासारख्या मामांकडून. सोय असेल तर रीतसर प्रशिक्षण घ्या, मला राग येणार नाही.

पुढचा ब्रेक दाबायचा, खेचायचा नाही. वजन पुढे यायला क्षणभर लागतो. त्याआधीच कचकन आवळला, तर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचं चाक लॉक होतं. हँडल वळलेलं असेल किंवा खाली खडी असेल, तर मग जमिनीवरच. मी ताशी २० च्या वेगाने सरळ रेषेत दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत लावायला लावतो. वीस वेळा. पाचव्या वेळेला "जमलं" म्हणणाऱ्याला मी अचानक "थांब!" ओरडतो, आणि हमखास मागचं चाक घसरतं.

ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, आणि दचकून ब्रेकपर्यंत बोटं पोचायलाच साधारण एक सेकंद जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट. हे एकदा मैदानात पावलांनी मोजून बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका. खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते. पाय घासत चालवू नका. पाय खाली असले की तोल येतच नाही, आणि मागचा ब्रेक पायात असेल तर तोही गेला. क्लच फटकन सोडू नका. इंडिकेटर वळून झाल्यावर बंद करा. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा वेग कमी. हेल्मेटचा पट्टा न लावणाऱ्याशी मी वादच घालत नाही, गाडी देत नाही.

आणि डबल सीट. मागे माणूस बसला की तोल, ब्रेक, वळण सगळंच बदलतं. तिसऱ्या दिवशी उत्साहाने "मामा, बसा, घरी सोडतो" म्हणणारे बरेच असतात. मी चालत जातो.