एमबीए कॉलेजातला रिसर्च लोकांच्या उपयोगी पडायला हवा असेल तर काय काय करायचं

माझी पीएचडी बचत गटांच्या कर्जावर आणि त्यातून उभ्या राहिलेल्या छोट्या धंद्यांवर होती. तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका गावात मी प्रश्नावली घेऊन बसलेले, ६२ प्रश्न, प्रत्येकापुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच चौकोन. तिसऱ्या पानावर गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मॅडम, सगळ्याला सहमतच लिवा, मला धारा काढायच्यात. आणि मागल्या साली पण एक सर आलते असाच कागद घेऊन, त्याचं पुढं काय झालं?" मला काहीच सांगता आलं नाही. पुढे पीएचडी झाली, दोन पेपर छापून आले, थिसीस शोधगंगावर (पीएचडीच्या थिसीसचं ऑनलाइन भांडार) गेला, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. नंतर परत जाऊन नुसतं बसले तेव्हा कळलं की त्यांची खरी अडचण एकच होती, दुकानदार पापड-मसाला उचलतो आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो, तोवर बँकेचा हप्ता कुठून भरायचा. माझ्या ६२ प्रश्नांत उधारीवर एकही प्रश्न नव्हता!

म्हणून माझ्यासारख्याच मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्यांसाठी आणि पीएचडी करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. पेपर छापून झाल्यावर "आता याचा समाजाला उपयोग काय दाखवायचा" असा विचार सुरू केला तर फार उशीर झालेला असतो. जे व्हायचं ते विषय ठरतो त्याच दिवशी ठरतं.

तर सगळ्यात आधी, प्रपोजल लिहायच्या आधी, प्रश्नावली न घेता किमान दोनदा जाऊन या. गट असो, भोसरीतलं वर्कशॉप असो, इचलकरंजीतला लूमवाला असो, जाऊन बसा आणि त्यांची हिशोबाची वही बघायला मागा, सहमत-असहमतपेक्षा वही जास्त बोलते. आमच्या त्या गटाच्या वहीत डाव्या पानावर माल दिल्याची तारीख आणि उजव्या पानावर पैसे आल्याची तारीख होती, बऱ्याच ओळींत उजवीकडे नुसतं पेन्सिलने "बाकी" लिहिलेलं, आणि माझ्या नव्या अभ्यासाचा सगळा डेटा त्या दोन रकान्यांत होता. मग घरी येऊन स्वतःला एकच विचारा, याचं उत्तर मिळालं तर उद्या सकाळी नेमकं कोण काय वेगळं करेल? इथे "धोरणकर्ते" किंवा "उद्योगजगत" असं उत्तर चालणार नाही, खुर्ची सांगता आली पाहिजे, म्हणजे गटाची सचिव, बँकेचा शाखाधिकारी, जिल्हा उद्योग केंद्राचे जनरल मॅनेजर, बाजार समितीचा सचिव. अशी एकही खुर्ची सापडत नसेल तर विषय बदला. गाइड नाराज होतील, पण तीन वर्षं वाया जाण्यापेक्षा ते बरं.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण घरातलंच आहे आणि आपण ते वर्गात फारसं सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे (स्थापना १९३०) पहिले संचालक. अर्थशास्त्रज्ञ माणूस, आयुष्यभर पाहण्या केल्या, आकडे गोळा केले, पण तिथे थांबले नाहीत. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले चेअरमन झाले. शेतकरी आणि प्राध्यापक एकाच टेबलाला बसून शेअर्स, कर्ज, उसाचा भाव ठरवत होते. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली, ७५ जिल्हे, ६०० गावं, तिच्या संचालन समितीतही गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. कुणीही म्हणालं असतं की सहकार फसला, विषय संपला, पण समितीने उलट सांगितलं की सहकार यशस्वी व्हायलाच हवा आणि त्यासाठी काय काय करायचं तेही लिहून दिलं. त्यांच्या शिफारशीवरूनच १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. रिसर्चचा परिणाम म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते, आकडा काढला आणि त्या आकड्याचं पुढे काय करायचं याची जबाबदारीपण घेतली.

दुसरं उदाहरण थेट मॅनेजमेंटचं. तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या संशोधकांनी एक प्रयोग केला, पेपर २०१३ मध्ये छापून आला. १७ कंपन्या, २८ प्लांट. सूत कुठल्या कोपऱ्यात किती पडलंय याची नोंद नाही, हत्यारं इकडेतिकडे, कापडात डाग का पडले याचा हिशोब कुणी ठेवत नाही, अशी अवस्था होती. काही प्लांटमध्ये पाच महिने सल्लागार पाठवले, फुकट, आणि साध्या साध्या गोष्टी करायला लावल्या, साठ्याला लेबल, दोषांची रोजची नोंद, मशीनची वेळेवर देखभाल. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. मालकांनी आधीच का केलं नव्हतं? तर बऱ्याच जणांना आपलं चाललंय ते ठीकच आहे असं वाटत होतं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं, बऱ्याच वर्षांनी तीच मंडळी परत गेली, बघितलं, तर सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. प्लांट मॅनेजर बदलले आणि मालकांना लक्ष द्यायला वेळ नव्हता, ही मुख्य कारणं. तेही त्यांनी छापलं. परत जाऊन बघण्याची ही सवय आपण उचलायला हवी.

आता परिषदेत कुणी न बोलणारी गोष्ट, समर इंटर्नशिप प्रोजेक्ट. १२० मुलं, प्रत्येकी आठ आठवडे, म्हणजे एका बॅचचे ९६० आठवडे, आणि त्यातून निघतात १२० वेगवेगळे स्पायरल बाइंडिंग केलेले रिपोर्ट जे व्हायवा झाला की कपाटात जातात. त्याऐवजी विभागाने आपल्याच भागातली एक अडचण तीन वर्षांसाठी धरा. आम्ही उधारी धरली. पहिल्या बॅचने कुणाचे पैसे किती दिवस अडकतात ते मोजलं, दुसऱ्या बॅचने त्यातल्या तयार असलेल्या गटांबरोबर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) आणि साधं बिलबुक बसवलं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचेत, पण ते संरक्षण नोंदणी असेल तर, आणि आमच्या गटांपैकी कुणाकडेच ती नव्हती. गावातल्या दुकानदारावर कुणी केस करत नाही हे खरंय, शेवटी तो शेजारी असतो, पण शहरातल्या वितरकाशी बोलताना तो ४५ चा आकडा कामी आला. नवीन थिअरी काहीच लागली नाही. फक्त एक नियम पाळा, आधीच्या बॅचने पुढच्या बॅचला तासभर बसून सगळं सांगून मगच मार्क घ्यायचे, नाहीतर दरवर्षी तेच लोक तीच माहिती परत परत देतात आणि कंटाळतात.

माहिती परत नेऊन देणं हे मात्र शिकावं लागतं. एक पान, मराठीत. तीन निष्कर्ष, तेही रुपयांत आणि दिवसांत, आणि एक गोष्ट जी आपल्याला कळली नाही ती पण लिहायची. पी-व्हॅल्यू (निष्कर्ष नुसता योगायोग तर नाही ना हे तपासायचा आकडा), मॉडेलचं नाव काही नको. आधी घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या, जिथे ते अडखळतील तिथे तुम्ही कॉलेजची भाषा लिहिलीय. वाचता न येणाऱ्या बायकांसाठी व्हॉट्सअॅपवर तीन मिनिटांचा आवाज पाठवा. आणि गटाची मासिक मीटिंग ज्या दिवशी असते त्या दिवशी जा, तुमच्या सुट्टीच्या शनिवारी त्यांना बोलावू नका. मी पहिल्यांदा असं पान वाचून दाखवलं तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "दिवाळीचं असं नसतंय, तवा आम्ही बाजारात रोख इकतो." आमच्या सरासरीत दिवाळीचे महिने मिसळले होते! ते वेगळे काढले आणि सगळं चित्र बदललं, पेपरपण सुधारला. त्यामुळे हे एक पान जर्नलला पाठवायच्या आधी न्या, नंतर नको.

पुरावे पहिल्या दिवसापासून ठेवा. सुरुवातीला परिस्थिती काय होती ते तारखेसकट लिहून ठेवा, मीटिंगची टिपणं, ईमेल, सगळं एका फोल्डरमध्ये. आणि श्रेय घेताना हात राखून घ्या, त्याच काळात सरकारी योजना आली असेल, नवा शाखाधिकारी आला असेल, तर तेही लिहायचं. शेवटच्या महिन्यात लेटरहेडवर "आभारपत्र" मागत फिरलात तर त्याला पुरावा म्हणता येत नाही.

डायरेक्टर लोकांसाठी थोडं. एएसीएसबीच्या (बिझनेस स्कूलना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०२० च्या निकषांत समाजावरच्या परिणामाचा वेगळा निकष आहे, ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या रिसर्चच्या २०२१ च्या मूल्यमापनात याला २५ टक्के वजन होतं, त्यामुळे फाइल तर सगळेच करणार. पण झाडं लावल्याचे फोटो हा रिसर्चचा परिणाम नाही हो. खरंच करायचं असेल तर फील्डवर जाणाऱ्या शिक्षकाचे वर्गातले तास कमी करा, मराठीतल्या त्या एका पानाला अप्रेझलमध्ये गुण द्या, २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्ट (मान्य जर्नल्सची यादी) बंद केलीय तर चांगलं काम कशाला म्हणायचं हे आता संस्थेलाच ठरवायचंय. आणि सीड मनी (रिसर्च सुरू करायला संस्था देते ती रक्कम) मंजूर करताना परतीच्या फेरीचे पैसे त्यातच वेगळे ठेवा, प्रोजेक्ट संपल्यावर ते कुणी देत नाही.

परत जायचं म्हणजे साधारण तीन वर्षांनी, तोच हिशोब, त्याच वहीतून. त्यासाठी पहिल्याच भेटीत गटातल्या निदान दोन जणींचे नंबर विचारून घ्या, कारण सचिव बदलते, सून माहेरी जाते, मोबाइल बदलतो, आणि मग वही कुणाच्या कपाटात आहे हे सांगणारं कुणी राहत नाही.