संगणकावरची परीक्षा: आधी चुकीचे पर्याय नीट लिहा

मी पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते आणि अंतर्गत परीक्षा मूडलवर (ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांच्या प्रणालीवर) घेते. नव्याने सुरुवात करणारे सहकारी सगळ्यात आधी कॉपी कशी रोखायची ते विचारतात. मी त्यांना सांगते, प्रश्न काढायला जो वेळ लागेल त्यातला निम्मा चुकीच्या पर्यायांना द्या.

समजा, प्रश्न असा आहे: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ एवढाच पूर्ण डेटा आहे, स्टँडर्ड डेव्हिएशन (प्रमाण विचलन) काढा. उत्तर २. बाकीचे पर्याय म्हणून ३, ६, ८ टाकले, तर चुकलेला विद्यार्थी कुठे अडला ते कळणारच नाही. त्याऐवजी ४ द्या. तो निवडणारा वर्गमूळ काढायला विसरला. २.१४ निवडणाऱ्याने ८ ऐवजी ७ ने भागलं. १.५ वाल्याने सरासरीपासूनच्या फरकांचे वर्गच केले नाहीत, उणे चिन्हं सोडून त्या फरकांची नुसती सरासरी काढली. असे पर्याय मी जुन्या उत्तरपत्रिकांतून उचलते, म्हणून लेखी परीक्षेचे गठ्ठे जपून ठेवा. तिसरा चुकीचा पर्याय ओढूनताणून आणावा लागत असेल तर दोनच द्या, काही बिघडत नाही.

चार पर्यायांत नुसत्या अंदाजानेही सरासरी २५ टक्के उत्तरं बरोबर येतात. म्हणून आकडेमोडीच्या प्रश्नांना मी बऱ्याचदा उत्तर टाइप करायला लावते. तिथे थोड्या फरकाची सूट आठवणीने ठेवा, नाहीतर एखाद्या प्रश्नाचं उत्तर २.१३८ असेल, तिथे २.१४ लिहिणाऱ्यालाही शून्य मिळतं.

आधी एक बिनगुणांची सराव चाचणी घ्या, त्याच लॅबमध्ये, सगळ्यांना एकदम लॉगिन करायला लावून. सेफ एक्झाम ब्राउझर (परीक्षेच्या वेळी बाकीच्या साइट आणि प्रोग्रॅम बंद ठेवणारा ब्राउझर) आणि जादा वेळ मंजूर असलेल्यांची सेटिंग त्याच दिवशी तपासा. नेट गेलं तर काय करायचं, ते पर्यवेक्षकांना लिहून द्या.

मशीन गुण लगेच देतं, पण ते लगेच जाहीर करू नका. मुलांच्या गुणांचा प्रश्न आहे, घाई नको. आधी प्रश्नवार आकडेवारी उघडा. एकूण चांगले गुण मिळवणारे एखाद्या प्रश्नात चुकलेत आणि मागे पडलेल्यांचं मात्र बरोबर आलंय, असं दिसलं तर उत्तरतालिका पुन्हा तपासा, शब्दरचनाही पाहा. वरच्या प्रश्नातून ‘एवढाच पूर्ण डेटा’ हे शब्द गाळले, की तो डेटा नमुना (सॅम्पल) समजून, म्हणजे ८ ऐवजी ७ ने भागून, २.१४ काढणाराही बरोबरच ठरतो. अशा वेळी दोन्ही उत्तरांना गुण द्या, रीग्रेड करा, म्हणजे मशीनला गुण पुन्हा मोजायला लावा, आणि मगच निकाल लावा.