सिस्टिम कॉलचा तक्ता सांभाळताना या चुका टाळा

बेळगावात संध्याकाळी अभियांत्रिकीचे विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा एक तक्रार हमखास असते: लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नवा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याची क्रमांकाची हाक, घातला, बिल्ड विनातक्रार पार पडले, नव्या कर्नलवर मशीनही सुरू झाले, पण चाचणीचा प्रोग्राम ‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’, म्हणजे एररनो ३८, एवढेच सांगतो. (मशीन खरोखर नव्याच कर्नलवर आहे ना, हे ‘युनेम -आर’ने आधी पाहावे. बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो.)

खानापूरहून येणारा एक विद्यार्थी परवा म्हणाला, “कोड तर सगळा बरोबर आहे की, सर.” कोड बरोबरच होता. एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसर) च्या ६४-बिट तक्त्यातील, म्हणजे सगळे कॉल नोंदवणाऱ्या फाइलमधील, प्रत्येक ओळीत क्रमांक, एबीआय (कोणत्या प्रकारच्या प्रोग्रामसाठी ते), नाव आणि कर्नलमधील फंक्शन असे चार रकाने असतात. त्याने फाइलच्या तळाशी जाऊन ५४७ ची ओळ कॉपी केली, क्रमांक ५४८ केला, नाव बदलले, पण दुसऱ्या रकान्यातील ‘एक्स३२’ तसेच राहिले. ५१२ ते ५४७ हा पट्टा जुन्या एक्स३२ साठी (६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट पॉइंटर वापरणाऱ्या प्रोग्रामसाठी) राखलेला आहे आणि साध्या ६४-बिट प्रोग्रामसाठीच्या तक्त्यात फक्त ‘कॉमन’ व ‘६४’ या ओळी उतरतात. नवी ओळ शेवटच्या ‘कॉमन’ ओळीखाली, पुढच्या क्रमांकाने घातल्यावर कॉल चालला.

याहून घातक चूक क्रमांक बदलण्याची आहे, कारण तिथे एररसुद्धा येत नाही. २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण ५९०००१ हा पिनकोड तोच राहिला. कर्नलचेही तसेच आहे. क्रमांक १७ च्या ‘पीरीड’चे नाव २.६ मध्ये ‘पीरीड६४’ झाले, तरी जुने प्रोग्राम अडले नाहीत, कारण ते नावाने नव्हे तर क्रमांकाने हाक मारतात. त्याच २.६ मध्ये काढून टाकलेल्या ‘क्रिएट मॉड्यूल’चा १७४ हा क्रमांक आजही दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. म्हणून रिकामी दिसणारी जागा भरू नये. ३८७ ते ४२३ हे क्रमांकही मुद्दामच सोडलेले आहेत, कारण ४२४ पासून पुढे, अल्फा या जुन्या प्रोसेसरचा अपवाद वगळता, सर्व आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) नव्या कॉलला एकच क्रमांक मिळतो. स्वतःचा पॅच (कोडमधील बदल) नव्या कर्नलवर चढवताना तुमचा क्रमांक मूळ कर्नलने एव्हाना दुसऱ्या कॉलला दिलेला असू शकतो. अशा वेळी आपला कॉल निमूटपणे पुढे सरकवावा आणि जुन्या क्रमांकाने बनवलेला प्रत्येक प्रोग्राम पुन्हा कम्पाइल करावा. तसे न केल्यास तो प्रोग्राम भलत्याच कॉलला आपले आर्ग्युमेंट (कॉलसोबतची माहिती) देत राहील.

प्रोग्राममध्ये क्रमांक हाताने लिहिण्याची सवयही सोडावी. ‘राइट’ हा कॉल ६४-बिट एक्स८६ वर १, ३२-बिटवर ४ आणि आर्म६४ वर ६४ आहे. कॉल एखाद्या कॉन्फिग पर्यायावर (कर्नल बनवताना चालू-बंद करायच्या सोयीवर) अवलंबून असेल, तर ‘सिस_एनआय.सी’ या फाइलमध्ये ‘कॉन्ड_सिस्कॉल’ची नोंद करावी, अन्यथा तो पर्याय बंद असताना लिंकिंग अडते.

चालू कर्नलच्या तक्त्यातील पॉइंटर (फंक्शनचा पत्ता) बदलून कॉल अडवण्याचे धडे अजूनही फिरत असतात. २०२४ च्या ६.९ पासून एक्स८६ वर कॉलची वाटणी तक्त्यातून न होता स्विच विधानातून होते, त्यामुळे पॉइंटर बदलूनही काही घडत नाही. कॉलवर नुसती नजर ठेवायची असेल, तर केप्रोब किंवा ट्रेसपॉइंट या कर्नलमधील निरीक्षणाच्या सोयी वापराव्यात.