एका रात्रीची खोली, दोन दिवसांचे एक्स्प्रेस पास

अमेरिकेत फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल ओरलँडो या थीम पार्कांच्या समूहाच्या आवारात बरीच हॉटेलं आहेत, पण खोलीच्या भाड्यातच रांग टाळण्याची सोय मिळते ती फक्त तीन ठिकाणी: पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक. इथे उतरणाऱ्या, बुकिंगवर नाव असलेल्या प्रत्येकाला ‘युनिव्हर्सल एक्स्प्रेस अनलिमिटेड’ पास मिळतो. अनलिमिटेड म्हणजे एकाच राइडवर कितीही वेळा. गेटवर विकत मिळणारा साधा एक्स्प्रेस पास प्रत्येक राइडला एकदाच चालतो, त्यामुळे किमतीची तुलना करताना अनलिमिटेडचीच किंमत धरा.

हा पास रात्रींवर मोजला जात नाही, तारखांवर मोजला जातो. चेक-इनचा दिवस पूर्ण धरतात आणि चेक-आउटचा दिवसही पार्क बंद होईपर्यंत पूर्ण धरतात. म्हणून एका रात्रीच्या खोलीवर दोन अख्खे दिवस मिळतात. सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करायचं.

सफायर फॉल्स, अव्हेंच्युरा, कबाना बे, एंडलेस समरची दोन्ही हॉटेलं, स्टेला नोव्हा, टेरा लूना यांपैकी कुठेही हा पास भाड्यात येत नाही. २०२५ मध्ये सुरू झालेल्या एपिक युनिव्हर्सला लागून असलेलं हेलिओस ग्रँड महागडं आहे आणि त्याला पार्कात थेट उघडणारा स्वतःचा दरवाजाही आहे, तरी तिथेही हा पास नाही. भाडं जास्त म्हणजे पास असणारच, असं धरून चालू नका.

पास चालतो तो युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन पार्कांत. एपिक युनिव्हर्समध्ये आणि व्होल्केनो बे या वॉटर पार्कमध्ये तो चालत नाही. सहलीत एपिकचा दिवस असेल तर त्या दिवसासाठी या महागड्या खोलीचे पैसे मोजू नका. आणखी एक: पास म्हणजे पार्कचं तिकीट नव्हे. तिकीट वेगळं घ्यावंच लागतं. दोन्ही पार्कांच्या मधे धावणारी हॉगवर्ट्स एक्स्प्रेस गाडी हवी असेल तर तिकीटही पार्क-टू-पार्क, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही पार्कांत जाऊ देणारं, हवं. नुसत्या एक्स्प्रेस पासवर त्या गाडीत बसता येत नाही.

पैशाचा हिशेब

पासची किंमत दिवसागणिक बदलते. शाळांच्या सुट्ट्यांत आणि नाताळच्या आठवड्यात ती फार चढते. म्हणून आधी तुमच्या तारखांची किंमत पाहा आणि मग हा गुणाकार करा: माणसं × दिवस × त्या दिवसाची किंमत. समजा चार जण आहेत, दोन दिवस आहेत आणि पास १५० डॉलरला आहे. म्हणजे आठ पास, १,२०० डॉलर. आता खोली समजा ५०० डॉलरची आहे. त्यावर ओरलँडोत हॉटेलच्या भाड्यावर लागणारा १२.५ टक्के कर धरला की ५६२ डॉलर ५० सेंट होतात. हॉटेलचं पार्किंग वेगळं. दोनपेक्षा जास्त प्रौढ असतील तर जादा आकारही विचारून घ्या. एवढं धरूनही चौघांसाठी खोलीच स्वस्त पडते, शिवाय ती रात्र कुठेतरी काढायचीच होती, त्याचे पैसे वाचतात ते निराळेच.

हेच गणित एकट्या माणसाचं, कमी गर्दीच्या आठवड्यात केलं की उलटतं. दोन पास १०० डॉलरने २०० होतात. त्यासाठी ५६२ डॉलर मोजण्यात अर्थ नाही. दोघं असतील तर मात्र तारीख ठरवेल, त्यामुळे अंदाज न बांधता आकडे मांडाच.

पास देणाऱ्या तीन हॉटेलांत रॉयल पॅसिफिक बहुधा सर्वांत कमी भाड्यात मिळतं आणि निव्वळ पाससाठी खोली घेणाऱ्याने तेच आधी पाहावं. हार्ड रॉकहून स्टुडिओज पार्क पायी पाचेक मिनिटांवर आहे. रॉयल पॅसिफिकहून दहाएक मिनिटं, पोर्टोफिनो बेहून त्याहून जास्त. पाण्यातून जाणारी फेरी तिन्ही हॉटेलांहून सुटते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

आठवडाभर राहायचं असेल तर सगळ्या रात्री इथे काढायची गरज नाही. बाकीच्या रात्री स्वस्त हॉटेलात आणि एकच रात्र या तिघांपैकी एकात, आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा दिवस या दोन पार्कांना. सामान हलवण्याचा त्रास होतो, पण वाचणारी रक्कम पाहता तो घ्यावा. ही एक रात्र शक्यतो आठवड्याच्या मधली निवडा.

पहिल्या दिवशी सकाळी

इथेच बहुतेकांचा अर्धा दिवस जातो. चेक-इनची वेळ दुपारी चारची असते म्हणून लोक चारला हॉटेलात येतात आणि पहिला दिवस हातचा घालवतात. खोली चारला मिळते, पास त्यासाठी थांबत नाही. पार्क उघडायच्या निदान दीड तास आधी हॉटेलात पोहोचा. काउंटरवर नोंदणी करा, रूम-की घ्या, सामान बेल डेस्ककडे, म्हणजे हॉटेलच्या सामान सांभाळणाऱ्या काउंटरकडे, सोपवा. मग लॉबीतल्या कियॉस्कवर (पास छापून देणाऱ्या यंत्रावर) की वापरून पास काढा. पासवर प्रत्येकाचा फोटो येतो, म्हणून सगळ्यांनी एकत्र जायचं. मुलं गाडीत झोपली आहेत, नंतर काढू, असं केलं की पुन्हा हॉटेलपर्यंत यावं लागतं. फोटोमुळे पास दुसऱ्याला देताही येत नाही.

दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली, बुकिंगमध्ये ‘दोन व्यक्ती’ लिहून चौघं येतात. पास तेवढेच निघतात. आधीच हॉटेलला कळवून सगळ्यांची नोंद करून घ्या. दुसरी, पास खोलीत विसरून निघणं. चेक-आउटच्या दिवशी अकराला खोली सोडावी लागते, तेव्हा आवराआवरीत पास बॅगेत गेला आणि बॅग बेल डेस्ककडे गेली, असं व्हायला नको. त्या दिवशी पास गळ्यातल्या पाउचमध्येच असू द्या.

पार्कात तो वापरायचा कसा

एक्स्प्रेस म्हणजे शून्य रांग नव्हे. राइडजवळ दोन्ही रांगा एका ठिकाणी मिळतात आणि तिथला कर्मचारी एक्स्प्रेसची जास्त माणसं आणि साध्या रांगेतली कमी माणसं अशा प्रमाणात आत सोडतो. राइडची तासाची क्षमता तीच राहते, म्हणून गर्दीच्या दिवशी एक्स्प्रेसलाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. राइड बिघडून पुन्हा सुरू झाली की साठलेली एक्स्प्रेसची गर्दी एकदम आत शिरते. अशा वेळी तासभराने परत या.

काही राइड्सना एक्स्प्रेसची रांगच नाही. आयलंड्समधला टेरॅनोडॉन फ्लायर्स त्यातला एक. तो लहान मुलांसाठी आहे, ३६ ते ५६ इंच उंचीचं मूल सोबत हवं, आणि एका वेळी थोडीच माणसं जात असल्याने रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. युनिव्हर्सलच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना दरवाजे सर्वांसाठी उघडण्याआधी ठरलेल्या राइड्सवर प्रवेश मिळतो. या सकाळच्या वेळेत एक्स्प्रेस चालणाऱ्या राइडवर जाऊ नका, ती दुपारीही हाताशी आहे. ज्यांना पास चालत नाही किंवा ज्यांची एक्स्प्रेस रांगही लांब होते, त्या आधी उरका. कोणत्या पार्कात कोणती राइड लवकर उघडणार हे अ‍ॅपमध्ये आदल्या रात्री पाहून ठेवा. ही यादी बदलते.

व्हेलोसिकोस्टर आणि हल्कसारख्या रोलर कोस्टरवर खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवून मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. पास असला तरी ही पायरी चुकत नाही. एक्स्प्रेस वापरणाऱ्याचा खरा वेळ कधीकधी लॉकरपाशीच जातो, म्हणून बॅग न आणता निघालेलं बरं. उंचीचे नियम पासने बदलत नाहीत: व्हेलोसिकोस्टरला ५१ इंच, हल्कला ५४, फॉरबिडन जर्नीला ४८. उंची कमी असलेलं मूल सोबत असेल तर दारावर ‘चाइल्ड स्वॅप’ मागा. एक पालक राइडवर जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल होते.

हॅलोविन हॉरर नाइट्स या रात्रीच्या भुताटकीच्या कार्यक्रमाच्या तारखांना युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा दिवसाच्या पाहुण्यांसाठी संध्याकाळी पाचला बंद होतं. त्या रात्रीच्या भुताच्या घरांना हॉटेलचा पास चालत नाही, त्यांचा एक्स्प्रेस वेगळा विकतात. अशा दिवशी सकाळ स्टुडिओजमध्ये आणि दुपारपासून आयलंड्समध्ये, असा क्रम ठेवा.

डिस्नीत हिशेब वेगळा

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये कोणत्याही हॉटेलच्या भाड्यात रांग टाळण्याचा पास सरसकट येत नाही, कितीही महाग खोली घ्या. तिथे हॉटेल देतं ते लवकर बुक करण्याचा हक्क. २४ जुलै २०२४ पासून ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ ही पद्धत आहे, म्हणजे छोट्या रांगेतून राइडवर जाण्याच्या वेळा आधी ठरवून ठेवायच्या, आणि तो विकत घ्यावा लागतो. डिस्नीच्या हॉटेलातले पाहुणे चेक-इनच्या सात दिवस आधी, पूर्वेकडच्या अमेरिकन वेळेप्रमाणे सकाळी सातला, अख्ख्या मुक्कामासाठी बुकिंग करू शकतात. मर्यादा १४ दिवसांची. बाहेर उतरणाऱ्यांना हे तीन दिवस आधी करता येतं. या चार दिवसांत स्लिंकी डॉग डॅशसारख्या राइडच्या सोयीच्या वेळा बहुतेक संपलेल्या असतात.

त्या सकाळच्या आधी अ‍ॅपमध्ये हॉटेलचं बुकिंग, पार्कची तिकिटं आणि सोबतची सगळी माणसं जोडून ठेवा, कार्डही भरून ठेवा. सातला हे करत बसलात तर मागे पडाल. आधी तीन राइड्स निवडता येतात, तिन्ही एकाच पार्कातल्या. काही पार्कांत त्यांचे दोन गट असतात आणि वरच्या गटातून एकच घेता येते. पहिली वेळ मुद्दाम सकाळची घ्या, कारण ती वापरली की लगेच चौथी बुक करता येते, मग पाचवी, अशी साखळी चालू राहते. तिन्ही वेळा दुपारनंतरच्या घेतल्या तर सकाळ अशीच निघून जाते. राइज ऑफ द रेझिस्टन्स किंवा फ्लाइट ऑफ पॅसेज यांसारख्या राइड्स मल्टी पासमध्ये नसतात, त्यांचा ‘सिंगल पास’ वेगळा घ्यावा लागतो. दिवसाला जास्तीत जास्त दोन.

फुकट मिळणारा फायदा सकाळचा आहे: हॉटेलच्या सगळ्या पाहुण्यांना रोज, चारही पार्कांत, अर्धा तास आधी प्रवेश. तो अर्धा तास गेटवर नव्हे, राइडवर मिळायला हवा असेल तर अधिकृत वेळेच्या तासभर आधी गेटवर उभं राहा आणि एकच मोठी राइड लक्ष्य धरा. डीलक्स, म्हणजे डिस्नीच्या सर्वांत महागड्या गटातल्या, हॉटेलांच्या पाहुण्यांना यावर ठरावीक रात्री दोन तास जास्तीचे मिळतात. तेव्हा लाइटनिंग लेन बंद असते, पण माणसंच कमी असल्याने साधी रांग भराभर सरकते.