फिशर: शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखत असेल तर काय करावं

शौचाला बसलं की काच चिरत गेल्यासारखी कळ, नंतर तासभर ठणका आणि मळावर लालभडक रक्ताची रेघ. एवढं झालं की आपल्याकडे त्याला सरसकट 'मूळव्याध' म्हणतात. पण आतल्या साध्या मूळव्याधीत रक्त पडलं तरी सहसा दुखत नाही. इतकं दुखतंय म्हणजे बहुधा फिशर, अर्थात गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. ती बहुतेकदा मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने असते.

चीर लवकर का भरत नाही? दुखलं की गुदद्वाराचा आतला स्नायू आवळतो. तो आपल्या इच्छेने सैल होत नाही. आवळल्याने चिरेला रक्त कमी मिळतं. दुखण्याच्या धास्तीने माणूस शौच लांबवतो, मळाचा आणखी खडा होतो आणि चीर पुन्हा फाटते. हे चक्र तोडायचं आहे.

आधी मळ मऊ करा. रात्री दोन चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी अर्धा ग्लास पाणी घ्या. पाणी कमी पडलं तर हाच भुसा आत घट्ट होतो. पहिले तीन-चार दिवस एकच चमचा घ्या, नाहीतर पोट फुगतं. इतर गोळ्यांमध्ये आणि इसबगोलमध्ये दोन तास जाऊ द्या. मळ पिकल्या केळ्यासारखा व्हायला हवा. कडक जुलाबाचं औषध घेऊ नका, कारण पातळ मळानेही आग होते. जेवणात भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू. तिखटाने चीर पडत नाही, पण झोंबतं नक्की.

शौचाला लागली की लगेच जा, कुंथू नका, मोबाईल बाहेर ठेवा. कमोडवर पायाखाली छोटं स्टूल घ्या. जेट स्प्रेचा जोर कमी ठेवा.

शेक. पसरट टबात कोमट पाणी घ्या, कोपर बुडवून पाहा. शौचानंतर आणि झोपताना 10 ते 15 मिनिटं त्यात बसा. डेटॉल, तुरटी काही नको. स्नायू सैल होतो तो उबेने. मग मऊ सुती कापडाने टिपा, पुसू नका.

मलम. डिल्टियाझेम 2 टक्के किंवा निफेडिपिनचं मलम स्नायू सैल करतं. डॉक्टर सांगतील तसं, साधारणपणे वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा कडेला आणि किंचित आत, 6 ते 8 आठवडे लावतात. नायट्रोग्लिसरीनच्या मलमाने डोकं दुखतं, आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रामधलं औषध) घेणाऱ्याने ते मुळीच लावू नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. लिग्नोकेन फक्त बधिर करतं, चीर भरत नाही. स्टेरॉइड असलेलं मूळव्याधीचं मलम महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते.

सगळ्यात मोठी चूक दहाव्या दिवशी होते. दुखणं थांबलं म्हणून इसबगोल बंद, मग एक लग्नाचं जेवण, दोन दिवस पोट साफ नाही आणि चीर पुन्हा उघडते. बरं वाटल्यावरही इसबगोल काही महिने चालू ठेवा.

6 ते 8 आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा बाहेर कातडीचा कोंब आला, तर सर्जनना दाखवा. तो कोंब मूळव्याध समजून नुसता कापून घेतला तर चीर आत तशीच राहते. जुन्या फिशरला बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा स्नायूला छोटा छेद देण्याची शस्त्रक्रिया करतात. छेदाने बहुतेकांना कायमचा आराम पडतो. काहींचा मात्र वायूवरचा ताबा थोडा ढिला होतो, ते आधी विचारून घ्या.

ताप, सूज किंवा पू असेल तर त्याच दिवशी जा. चीर डाव्या किंवा उजव्या बाजूला असेल, वजन घटत असेल किंवा काळपट रक्त जात असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.